कोल्हापूर नेमके केवढे? : जनगणना संचालनालयास खुले पत्र

प्रति,
मा. संचालक,
जनगणना कार्य संचालनालय, महाराष्ट्र

प्रत माहितीसाठी : नगरविकास विभाग, महाराष्ट्र शासन, कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण

विषय : आगामी जनगणनेत कोल्हापूर नागरी समूहाची व्याप्ती निश्चित करण्याबाबत

महोदय,

सोळा वर्षांच्या खंडानंतर देशाची शिरगणती होत आहे. २०२६ मध्ये घरयादी आणि फेब्रुवारी २०२७ मध्ये प्रत्यक्ष लोकसंख्येची मोजणी, असा तिचा क्रम ठरला आहे. या मोजणीतून राज्यातील नागरी समूहांची, म्हणजे शहर आणि त्याला सलग लागून असलेली वस्ती यांची मिळून, लोकसंख्येनुसार जी क्रमवारी तयार होईल, तीच पुढची किमान दहा वर्षे शासनाच्या प्रत्येक टेबलावर असेल. त्या यादीत कोल्हापूरची जागा कोणती असेल, यापेक्षा ती कशी ठरवली जाईल याची मला चिंता आहे आणि म्हणूनच हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

२०११ ची यादी आपल्यासमोर आहेच. पण सर्वसामान्य वाचकांसाठी ती थोडक्यात मांडतो. बृहन्मुंबई नागरी समूह सुमारे १ कोटी ८४ लाख, पुणे साडेपन्नास लाख, नागपूर पंचवीस लाख, नाशिक १५ लाख ६० हजारांच्या घरात, त्यानंतर वसई-विरार आणि छत्रपती संभाजीनगर (तेव्हाचे औरंगाबाद) ही बारा लाखांच्या आसपासची दोन शहरे. दहा लाखांची रेषा इथे संपते. त्याखाली साडेनऊ लाखांचे सोलापूर, मग भिवंडी, अमरावती, मालेगाव, आणि अकराव्या क्रमांकावर सुमारे ५ लाख ६२ हजार लोकसंख्येचे कोल्हापूर. आमच्या पाठोपाठ नांदेड आणि सांगली.

आता हीच यादी नागरी समूहांऐवजी महानगरपालिकांच्या हद्दीनुसार लावून पाहावी. ठाणे, पिंपरी-चिंचवड, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई, मीरा-भाईंदर ही शहरे, जी पहिल्या यादीत मुंबई किंवा पुण्याच्या पोटात होती, स्वतंत्रपणे वर येतात आणि कोल्हापूर अकराव्यावरून थेट सोळाव्या क्रमांकावर जाते. पालिका हद्दीत कोल्हापूरची लोकसंख्या ५ लाख ४९ हजार आणि नांदेड-वाघाळ्याची ५ लाख ५० हजारांच्या जरा वर; म्हणजे हजार-दीड हजार माणसांच्या फरकाने नांदेड आमच्या पुढे आहे. उलट मालेगाव महानगरपालिकेची लोकसंख्या पाच लाखांच्या आत असूनही नागरी समूह म्हणून मोजले की मालेगाव पावणेसहा लाखांच्या पुढे जाऊन कोल्हापूरला मागे टाकते. मालेगावकरांबद्दल किंवा नांदेडकरांबद्दल यात काहीही तक्रार नाही. त्यांच्या शहरालगतची वस्ती शहराबरोबर मोजली गेली असेल तर ती योग्यच मोजली गेली. शहराची रेघ कुठे ओढली यावर क्रमांक किती अवलंबून असतो, एवढेच यातून दिसते.

मुंबईचे उदाहरण तर सर्वांत बोलके आहे. बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत २०११ साली सुमारे १ कोटी २४ लाख माणसे होती. नागरी समूहाचा आकडा त्याहून जवळजवळ साठ लाखांनी मोठा आहे, कारण ठाणे, कल्याण, उल्हासनगर, नवी मुंबई, अंबरनाथ, बदलापूरपर्यंतची सलग वस्ती एकच शहर म्हणून पाहण्यात आली. पुण्याच्या पन्नास लाखांत पिंपरी-चिंचवड आहे, लष्करी छावण्या आहेत. तिथे रोज लोकलने आणि बसने ये-जा करणाऱ्या माणसांचे शहर जनगणनेने ओळखले. कोल्हापूरच्या बाबतीत मात्र पालिकेचा आकडा आणि नागरी समूहाचा आकडा यांतला फरक अवघा साडेबारा हजारांच्या आसपासचा आहे. कोल्हापूर ज्याने पाहिले आहे, त्याला हे पटणे कठीण आहे.

या विसंगतीचे कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. कोल्हापूरची नगरपालिका १८५४ सालची; १५ डिसेंबर १९७२ रोजी तिची महानगरपालिका झाली आणि तेव्हापासून आजतागायत तिची हद्द एकदाही वाढलेली नाही. क्षेत्रफळ तेच ६६.८२ चौरस किलोमीटर. याच काळात सोलापूरने १९९२ साली आपली हद्द कित्येक पटींनी वाढवली. पुण्यात १९९७ नंतर २०१७ मध्ये अकरा आणि २०२१ मध्ये तेवीस गावे आली. आमच्याकडे प्रस्ताव झाले, फेरप्रस्ताव झाले, मोर्चे झाले, बंद झाले, बेचाळीस गावांची यादी झाली, मग अठरा गावांची झाली, आणि २०१७ साली हद्दवाढीऐवजी बेचाळीस गावांसाठी नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण आले. हद्द जिथल्या तिथे राहिली.

परिणाम आकड्यांत स्पष्ट उमटला आहे. २००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्राची नागरी लोकसंख्या सुमारे साडेतेवीस टक्क्यांनी वाढली. कोल्हापूर महानगरपालिकेची लोकसंख्या त्याच काळात ४ लाख ९३ हजारांवरून ५ लाख ४९ हजारांवर गेली, म्हणजे साधारण अकरा टक्के वाढ. राज्याच्या सरासरीच्या निम्मीही नाही. हा आकडा पाहून बाहेरचा अभ्यासक म्हणेल की कोल्हापूर साचले आहे. साचले काहीच नाही. शहर हद्दीबाहेर वाढले. उचगाव, पाचगाव, मोरेवाडी, कळंबा, उजळाईवाडी, सरनोबतवाडी, गांधीनगर, वळिवडे, शिंगणापूर, शिरोली पुलाची या गावांच्या शेतांचे प्लॉट पडले, त्यांवर घरे आणि नंतर अपार्टमेंट उभी राहिली, आणि त्या घरांत राहायला आलेली माणसे शहरातल्याच गल्ल्यांतून बाहेर पडलेली होती. पेठेतल्या वडिलार्जित घरात तीन भावांचे संसार मावेनासे झाले की धाकटा पाचगावला किंवा कळंब्याला प्लॉट घेतो, हे आमच्याकडे इतके सर्रास आहे की त्यात कुणाला काही विशेष वाटत नाही.

आर. के. नगरकडे जाणाऱ्या रस्त्याने आपण एकदा स्वतः यावे, अशी माझी विनंती आहे. शहर कुठे संपते आणि गाव कुठे सुरू होते, हे वाटेत कुणालाही सांगता येणार नाही. दुकानांची रांग तुटत नाही, बंगल्यांची रचना बदलत नाही, दवाखाने, पतसंस्था, शिकवण्यांचे फलक तसेच पुढे चालू राहतात. फरक कळतो तो घरफाळ्याच्या पावतीवर : अलीकडच्या घराची पावती महानगरपालिकेची, पलीकडच्या घराची ग्रामपंचायतीची. पलीकडच्या घरातला कर्ता माणूस सकाळी गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जातो, मुलगी केएमटीच्या, म्हणजे पालिकेच्या, बसने शिवाजी विद्यापीठात किंवा राजारामपुरीतल्या क्लासला जाते, महिन्याचा बाजार लक्ष्मीपुरीतून भरला जातो आणि रात्री-अपरात्री घरातल्या म्हाताऱ्या माणसाला बरे वाटेनासे झाले तर रिक्षा सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्याच दारात थांबते. हे कुटुंब कोल्हापूरबाहेर राहते, असे आपली सारणी सांगते.

गांधीनगरही असेच शहराशी जोडलेले आहे. फाळणीनंतर आलेल्या सिंधी बांधवांनी तिथे कापडाची घाऊक पेठ उभी केली आणि आज दक्षिण महाराष्ट्रातून, कोकणातून आणि उत्तर कर्नाटकातून व्यापारी खरेदीसाठी तिथे येतात. ते ‘कोल्हापूरला खरेदीला जाऊन येतो’ असेच घरी सांगून निघतात. शिरोली पुलाची हे गाव तर करवीर तालुक्यातही नाही. ते हातकणंगले तालुक्यात मोडते. पण तिथल्या औद्योगिक वसाहतीतल्या फौंड्र्या कोल्हापूरच्या उद्यमनगरातून वाढलेल्या आहेत आणि पंचगंगेवरचा पूल ओलांडून कामगारांची जी ये-जा चालते, तिला तालुक्याची सीमा ठाऊक नाही.

महोदय, यापैकी काहीही मोजण्यासाठी नवा नियम करावा लागत नाही. आपल्याच विभागाच्या व्याख्या पुरेशा आहेत. एखाद्या गावाची लोकसंख्या किमान पाच हजार असेल, मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान पंचाहत्तर टक्के शेतीबाहेरच्या कामात असतील आणि दर चौरस किलोमीटरला किमान चारशे माणसे राहत असतील, तर तिथे ग्रामपंचायत असली तरी जनगणना त्या गावाला शहर मानते. शहराला लागून, पण त्याच्या वैधानिक हद्दीबाहेर, एखाद्या महसुली गावात पक्के रस्ते, वीज, नळ, गटारे, शाळा, बँका अशा नागरी सोयी असलेली वस्ती असेल, तर ती शहराची बहिर्वाढ म्हणून नोंदवता येते. अशी लगतची शहरे आणि बहिर्वाढी मूळ शहराशी सलग असतील तर त्यांचा मिळून नागरी समूह होतो. या कसोट्या वर सांगितलेल्या गावांना एकेक करून लावाव्यात, एवढेच मागणे आहे. ज्या गावाला त्या लागू होणार नाहीत, ते वगळावे.

यातील शेतीबाहेरच्या कामाच्या कसोटीबाबत एक स्थानिक गोष्ट आपल्या कानावर घालणे आवश्यक वाटते. कोल्हापूर भागात ज्याच्या नावावर पाच-दहा गुंठे जमीन आहे, तो माणूस वर्षभर फौंड्रीत किंवा दुकानात काम करत असला तरी ‘काय करता?’ या प्रश्नाला ‘शेती’ असेच उत्तर देतो. यात लपवाछपवी नसते. सातबाऱ्यावर नाव असणे ही इथे माणसाची ओळख आहे. ऊस वाट्याने दिलेला असतो, कारखान्याचे बिल वर्षातून एकदा बँकेत जमा होते, आणि घर मात्र महिन्याच्या पगारावर चालते. प्रगणकाने त्याचे पहिले उत्तर लिहून घेतले आणि वर्षातले सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ प्रत्यक्ष कोणते काम केले हे विचारलेच नाही, तर तो मनुष्य शेतकरी म्हणून नोंदला जाईल आणि अशी काहीशे उत्तरे एखाद्या गावाला पंचाहत्तर टक्क्यांच्या खाली ओढायला पुरेशी ठरतील. करवीर आणि हातकणंगले तालुक्यांतील प्रगणकांच्या प्रशिक्षणात या एका प्रश्नावर विशेष वेळ द्यावा.

आता हद्दवाढीविषयी. जनगणनेसाठी प्रशासकीय सीमा ३१ डिसेंबर २०२५ नंतर गोठवण्यात आल्या, त्यामुळे पालिकेची हद्द वाढवून हा प्रश्न सोडवण्याचा मार्ग या मोजणीपुरता बंद झाला आहे. हद्दवाढीला गावांचा जो विरोध आहे, तो मला पूर्णपणे अनाठायी वाटत नाही. जी पालिका आपल्या आहे त्या प्रभागांना नियमित पाणी आणि बरे रस्ते देताना धापा टाकते, तिच्याकडे आपले गाव का सोपवावे आणि वाढीव घरफाळा का भरावा, हा प्रश्न गावकरी विचारतात आणि त्याला समाधानकारक उत्तर अजून कुणी दिलेले नाही. परंतु जनगणनेत एखादे गाव नागरी समूहाचा घटक म्हणून नोंदले गेल्याने त्याची ग्रामपंचायत जात नाही, सरपंच जात नाही, घरफाळ्याचा दर बदलत नाही. गांधीनगर जनगणनेच्या दृष्टीने शहर म्हणून नोंदले जात असतानाही तिथला कारभार ग्रामपंचायतच पाहत आली आहे. मोजणी आणि कारभार या दोन वेगळ्या बाबी आहेत, हे आपल्या कार्यालयाकडून गावागावांत स्पष्ट शब्दांत सांगितले गेले नाही, तर हद्दवाढीचा राग शिरगणतीवर निघेल आणि प्रगणकाला दारातूनच परत जावे लागेल, अशी मला खरोखर भीती आहे.

एवढा आटापिटा एका क्रमांकासाठी कशाला, असे कुणी विचारील. क्रमांकामागे निधी आणि नियोजन दोन्ही उभे असतात. पंधराव्या वित्त आयोगाने नागरी अनुदाने देताना दहा लाखांवरील नागरी समूह आणि उरलेली शहरे अशी सरळ फाळणी केली आणि मोठ्या समूहांसाठी हवा, पाणी व घनकचरा यांकरिता वेगळा निधी ठेवला. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या घरभाड्याच्या भत्त्यासाठी शहरांचे जे वर्ग पाडले जातात, तेही नागरी समूहाच्या लोकसंख्येवरच. कोल्हापूर त्यात पाच लाखांच्या रेषेच्या जेमतेम वर आहे. राज्यघटनेच्या २४३-त या अनुच्छेदाने महानगर क्षेत्राची व्याख्या दहा लाख लोकसंख्येला बांधली आहे आणि २४३-यङ प्रमाणे अशा क्षेत्रासाठी महानगर नियोजन समिती असावी लागते. कोल्हापूर आज त्या रेषेजवळ नाही, उद्या लगेच पोहोचेल असा माझा दावाही नाही. पण आपण रेषेपासून किती दूर आहोत, हे तरी आम्हाला खरे कळले पाहिजे.

त्याहून जवळचा प्रश्न पंचगंगेचा आहे. जयंती आणि दुधाळी नाल्यांचे सांडपाणी अडवून त्यावर प्रक्रिया करण्याच्या योजना पालिका हद्दीची लोकसंख्या धरून आखल्या जातात. हद्दीबाहेरच्या वसाहतींचे सांडपाणी मात्र त्याच खोऱ्यात उतरते आणि त्याच नदीला मिळते. काळम्मावाडी धरणातून थेट पाईपलाईनने २०२३ च्या अखेरीस शहरात पाणी आले, त्यासाठी कोल्हापूरकरांनी वर्षानुवर्षे आंदोलने केली. हद्दीबाहेरच्या गावांसाठी प्रादेशिक नळपाणी योजना वेगळ्या. एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना दोन यंत्रणा दोन वेगळ्या लोकसंख्या धरून पाण्याचा हिशेब करतात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाण्याने हद्द पाहिली नाही. स्थलांतरितांच्या याद्या मात्र हद्दीप्रमाणे झाल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाल्यापासून सहा जिल्ह्यांचे पक्षकार, वकील आणि त्यांची कुटुंबे इथे येऊ लागली आहेत. त्यांतले जे स्थायिक होतील, त्यांना जागा मिळेल ती बहुतांशी हद्दीबाहेरच.

कोल्हापूर मागे पडले ते केवळ मोजणीमुळे, असे म्हणणे मात्र खरे होणार नाही. १९७१ च्या जनगणनेत कोल्हापूर औरंगाबादपेक्षा बरेच मोठे होते. २०११ मध्ये औरंगाबाद आमच्या दुपटीहून मोठे झाले होते. त्यामागे वाळूजसारख्या औद्योगिक वसाहती आहेत, विभागीय मुख्यालय आहे, सिडकोने वसवलेले नवे शहर आहे. आमची शिकलेली मुले पुण्याला जातात आणि तिथल्या पन्नास लाखांत मोजली जातात. हे दुखणे जनगणनेने बरे होणारे नाही आणि ते तिच्या माथी मारू नये. पण दुखण्याचे खरे माप मिळायचे तर उचगाव आणि पाचगावात राहणारा कोल्हापूरकर आधी कोल्हापूरकर म्हणून मोजला गेला पाहिजे; नाहीतर पुण्याला गेलेला आणि पाचगावला गेलेला, दोघेही शहर सोडून गेल्यासारखेच दिसतात.

याच्या उलट टोकाचाही एक मोह अलीकडे ऐकू येतो. कोल्हापूर, २०२२ साली महानगरपालिका झालेली इचलकरंजी आणि सांगली-मिरज यांची बेरीज करावी, म्हणजे २०११ च्याच आकड्यांनी चौदा लाखांचे महानगर तयार होते आणि आपण एकदम पहिल्या पाचांत जाऊन बसतो, असे काही मंडळी मांडतात. मिरज-कोल्हापूर लोहमार्ग १८९१ पासून या पट्ट्याला जोडतो, यंत्रमाग, ओतकाम, गूळ, हळद, साखर यांचे व्यवहार एकमेकांत गुंतलेले आहेत, आणि प्रादेशिक नियोजनासाठी हा पट्टा एकत्र पाहण्यात मला गैर काही वाटत नाही. मात्र जनगणनेचा नागरी समूह सलग वस्तीचा असतो. कोल्हापूर सोडून इचलकरंजीकडे निघालेल्या माणसाला आजही दुतर्फा ऊस लागतो. आकडा मोठा दिसावा म्हणून त्या उसाला शहर म्हणावे, अशी मागणी आम्ही करू नये आणि केली तर आपण ती फेटाळावी. पाचगावची मागणी खरी ठरते ती तिथे ऊस उरलेला नाही म्हणून.

तेव्हा आपल्याकडे नेमक्या विनंत्या अशा. कोल्हापूर नागरी समूहात कोणती गावे आणि कोणत्या वस्त्या धरल्या जाणार आहेत, त्यांची प्रस्तावित यादी नकाशासह फेब्रुवारी २०२७ ची मोजणी सुरू होण्यापूर्वी प्रसिद्ध करावी. ती महानगरपालिकेत, करवीर आणि हातकणंगले तहसील कार्यालयांत आणि संबंधित प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी आणि हरकती-सूचनांसाठी पुरेसा अवधी द्यावा. ज्या गावाला वगळले जाईल, ते कोणत्या कसोटीवर वगळले, हे यादीतच लिहावे. शहरी भागाची मोजणी पालिकेच्या यंत्रणेकडे आणि गावांची तहसीलदारांकडे असते; या दोन यंत्रणांनी हद्दीवरच्या वसाहतींचे प्रगणन गट एकत्र बसून आखावेत, कारण रस्त्याच्या मधोमध गेलेल्या हद्दीवरची घरे दोन्हीकडून सुटण्याचा किंवा दोन्हीकडे लागण्याचा धोका सर्वांत मोठा आहे.

प्राधिकरणाकडे वेगळी विनंती आहे. आपल्याकडे बेचाळीस गावांच्या बांधकाम परवानग्यांची आणि रेखांकनांची नोंद असते. कोणत्या गावात शहरालगत किती नवी घरे उभी राहिली, हे त्यावरून जनगणना कार्यालयाला कागदावर दाखवता येईल. ही माहिती मागितली जाण्याची वाट न पाहता ती आपणहून सादर करावी आणि तिची एक प्रत नागरिकांसाठी खुली ठेवावी. भूगोल आणि संख्याशास्त्र शिकवणारे इथले अनेक प्राध्यापक व विद्यार्थी या कामात विनामोबदला हातभार लावतील. अशी मदत हवी असल्यास दोन्ही कार्यालयांनी जाहीर आवाहन करावे. पहिल्या दिवशी येणाऱ्यांत मी असेन.

आपला,
कळंबा रस्त्यावरचा एक रहिवासी, भूगोलाचा निवृत्त शिक्षक
कोल्हापूर